खात्यात शिल्लक किती?

आमच्या लहानपणी घरात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. ‘अंधार पडतोय, बॅटरी घेऊन जा,’ असे आई म्हणायची. पुढे २००५ नंतर डोंबिवली-कल्याणात भारनियमनाची ती घामट वर्षे आली आणि बॅटरी म्हणजे दाराआडच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेले इन्व्हर्टरचे काळे धूड झाले. त्याला वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर पाजणे हे माझे काम. बँकेत मी अधिकारी असेन, घरात माझा हुद्दा एवढाच! बॅटरीचा तिसरा धडा मात्र मला साठी ओलांडल्यावर मिळाला, तोही खाडीच्या काठावर जीव मुठीत धरून उभा असताना.

माझा भाचा ठाण्याला नोकरी करतो. आठवडाभर लोकलमध्ये चेंगरल्यावर रविवारी त्याला मोकळे पाणी हवे असते. म्हणून त्याने कयाक घेतली. एका माणसाने बसून दोन्ही बाजूंनी वल्हवायची ही अरुंद होडी. मोठागावच्या रेतीबंदरावरून ती उल्हासच्या खाडीत लोटायची आणि जिताड्याच्या आशेने गळ टाकून बसायचे, हा त्याचा रविवार. जिताडा क्वचितच लागतो. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हा छंद मुळीच पसंत नाही. ‘दादा, तू तरी त्याच्याबरोबर जात जा,’ असे तिने सांगितल्यापासून मी काठावर पुस्तक घेऊन बसतो.

मग कयाकवर एक यंत्र आले, फिश फाइंडर. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी मासेमारीसाठी असे यंत्र पहिल्यांदा बाजारात आणले. त्याचे तत्त्व सोपे आहे. होडीखालचा एक लहानसा भाग पाण्यात ध्वनी सोडतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही. तळाला आपटून तो परत येतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. जाऊन यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागला, तर एकूण अंतर पंधरा मीटर, म्हणजे खोली साडेसात मीटर. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरूनही ध्वनी उलटतो आणि पडद्यावर कमानीसारखी खूण उमटते. आमच्या खाडीचे पाणी इतके गढूळ की हातभर खालचे दिसत नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हे कान बरे.

पण यंत्राला वीज हवी, बारा व्होल्टची. भाच्याने माळ्यावरच्या जुन्या यूपीएसमधली बॅटरी काढली. ओंजळीत मावेल एवढी, वजनाला दोन किलोच्या वर, शिशाची. तिच्यावर छापले होते : १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. यंत्राला लागतो साधारण ०.४ अँपिअर. साताला ०.४ ने भागले की साडेसतरा. ‘मामा, सतरा तास चालेल!’ तो म्हणाला. हिशेब बरोबर होता, म्हणून मीही मान डोलावली. तेहतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने खात्यात खरोखर किती आहे हे न पाहता पासबुकाच्या कव्हरवर विश्वास ठेवला!

कोजागरीचा दुसरा दिवस होता. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. तीन वाजता तो पाण्यात उतरला. पाणी उतरत होते, पण पडद्यावर खोल पाण्याची वाट स्पष्ट दिसत होती. पाचच्या सुमारास फोन बंद पडायला आला म्हणून त्याने तो त्याच बॅटरीला जोडला, आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. ‘मामा, मी गाळात रुतलोय, पाणी...’ आवाज तिथेच तुटला.

सूर्य बुडत होता. त्या गाळात माणूस उतरला तर मांडीपर्यंत जातो. तो होडीतून उतरणार नाही एवढीच मी देवाला प्रार्थना करत होतो. बहिणीला फोन करावा की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी बंदरावर जाळे आवरत बसलेल्या एका कोळी काकांना हात जोडले. ते काही बोलले नाहीत. होडी काढली, लांब बांबू घेतला आणि निघाले. पाऊण तासाने अंधारातून परत आले, मागे दोरीला बांधलेली कयाक, तीत चिखलाने माखलेला भाचा. काका त्याला एवढेच म्हणाले, ‘अरं पोरा, पानी उतरलं ते तुज्या डब्याला कललं नाय?’

त्या रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी बॅटरीचा हिशेब नव्याने मांडला. मला तो बँकेच्याच भाषेत समजला, म्हणून तसाच सांगतो.

बॅटरीवरचा आकडा म्हणजे खाते नवे असतानाची ठेव. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि ठेव आटत जाते. माळ्यावर वर्षभर धूळ खाल्लेल्या आमच्या सातातले एखाददुसरे अँपिअर-अवर उरले असावे. शिवाय या खात्याला किमान शिल्लक असते. निम्म्याच्या वर काढले की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे नवी असती तरी हिशेब साडेतीन अँपिअर-अवरचाच धरायचा, नऊ तासांच्या आत. आणि म्हाताऱ्या खात्यातून एकदम मोठी रक्कम काढू गेले की व्होल्टेज कोसळते, यंत्र बंद होते. फोन जोडला तेव्हा नेमके तेच झाले.

शिशाची बॅटरी १८५९ पासूनची, फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी शोधलेली. स्वस्त आणि स्वभावाने सरळ. भरलेली असताना १२.७ व्होल्ट, निम्म्यावर सुमारे १२.२. साध्या मीटरवर शिल्लक वाचता येते. दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ १९९७ मध्ये जगापुढे मांडला. त्याच गुडइनफना लिथियम बॅटरीवरील कामासाठी २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, नोबेल मिळाले. (हे वाचल्यापासून मी स्वतःला निवृत्त म्हणणे सोडले आहे.) ही बॅटरी वजनाला निम्म्याहून हलकी, जवळजवळ सगळी ठेव वापरू देणारी आणि हजारो वेळा भरता येणारी. खोट एकच. तिचे व्होल्टेज अखेरपर्यंत तेरा-सव्वातेराच्या आसपास राहते आणि मग एकदम ढासळते. दिवाळे निघेपर्यंत ऐट न सोडणाऱ्या कर्जदारासारखे! तिथे मीटरवर विसंबता येत नाही, तासांची नोंद ठेवावी लागते. चार्जरही तिच्यासाठीचाच लागतो.

भाच्याने लिथियमची घेतली. घरी तिला यंत्र जोडून, घड्याळ लावून, किती तास चालते ते आधी पाहिले. धन टोकाला अगदी जवळ फ्यूज बसवला, कारण खारे पाणी आत शिरले की तारा तापू शकतात. बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. शिशाची असती तर चार्ज करताना झाकण उघडे ठेवावे लागले असते, तिच्यातून हायड्रोजन निघतो. खाडीतून आल्यावर जोडण्या गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरड्या करतो, त्यांना व्हॅसलीन लावतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत केली. तसा नियम २००१ पासून आहे, आणि शिसे कुठेतरी उघड्यावर वितळून मुलांच्या पोटात जाऊ नये म्हणून तो पाळायला हवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहिणीने ठरवली. यंत्राच्या खात्यातून फोन आणि दिवा चालवायचा नाही. त्यांची बॅटरी वेगळी, आणि तिला मासे दिसले तरी हात लावायचा नाही. आमच्या आईचाही धान्याच्या डब्यात असा एक चोरखण होता, वडिलांनाही ठाऊक नसलेला.

पुढच्या रविवारी आम्ही काकांना भेटायला गेलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत, पेढे घेतले. जाताना भाच्याच्या हातात एक दोरी दिली. हातहातभर अंतरावर गाठी, टोकाला शिशाचा गोळा. कल्याणला दुर्गाडीखाली शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली ती याच खाडीत, आणि जगभरचे खलाशी तेव्हा अशाच दोरीने तळ शोधत.

आता कयाकमध्ये यंत्र असते आणि ती दोरीही असते. भाचा निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून माझ्या हातात देतो. जिताडा अजून लागलेला नाही. पण उजेडी परततो, आणि मी पुस्तकाची पाने न चुकवता वाचू शकतो.