एमआरआयचं इंजेक्शन आणि आपली किडनी

‘एमआरआय काढायला सांगितलाय’ म्हटलं की घरात पहिली चर्चा होते पैशाची आणि दुसरी गाडीची. रिसोड, मानोरा, मालेगावकडच्या कितीतरी पेशंटना मोठ्या तपासणीसाठी अकोला, अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागतं. या धावपळीत ‘पेशंटची किडनी कशी आहे?’ हा प्रश्न मागेच राहतो.

एमआरआय हे चुंबकाचं मशीन. त्यात क्ष-किरण नसतात. पण काही वेळा चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध देतात. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. मोकळा धातू शरीराला घातक, म्हणून तो दुसऱ्या रसायनात बांधून देतात. किडनी चांगली असेल तर बहुतेक औषध एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. किडनी थकलेली असेल तर ते अंगात रेंगाळतं आणि बांधलेला धातू सुटण्याची भीती असते.

१९९७ मध्ये अमेरिकेत किडनीच्या काही पेशंटची कातडी जाड, कडक होऊ लागली, सांधे आखडू लागले. हा आजार नवाच होता. २००६ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी त्याचा संबंध या इंजेक्शनशी जोडला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. या आजारावर आजही खात्रीचा इलाज नाही.

मग एमआरआयच नको का? असं मुळीच नाही! जुन्या प्रकारच्या काही औषधांत धोका जास्त होता. आता धातूला पिंजऱ्यासारखं घट्ट धरून ठेवणारी औषधं मिळतात, त्यांत हा धोका अत्यंत कमी आहे. शिवाय प्रत्येक एमआरआयला इंजेक्शन लागतंच असंही नाही. घाबरून गरजेची तपासणी टाळली तर मूळ आजार वाढेल, ते नुकसान मोठं.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. सेंटरवर फॉर्म भरतो मुलगा नाहीतर नवरा. बाईला किती वर्षांपासून शुगर आहे, पायावर सूज येते का, गुडघेदुखीच्या गोळ्या ती रोज घेते का, हे त्याला ठाऊक नसतं. आणि ती सांगत नाही, कारण तिला कोणी विचारत नाही. आणखी एक गोष्ट. अंगाने बारीक, वयस्कर बाईचं क्रिएटिनिन फार वाढलेलं दिसत नाही, तरी किडनीचं काम बरंच कमी झालेलं असू शकतं. म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता वय धरून काढलेला ‘ईजीएफआर’ डॉक्टरांना विचारा. तो ३० च्या खाली असेल तर विशेष जपावं लागतं.

जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. इंजेक्शन लागणारच आहे का, लागलं तर कोणत्या प्रकारचं, हे विचारा. डायलिसिस चालू असेल तर आधीच सांगा, म्हणजे तपासणीनंतर लवकर डायलिसिस होईल अशी वेळ ठरवता येते. दिवस गेले असतील तर तेही लपवू नका. आणि बायांनो, फॉर्म कोणीही भरो, उत्तरं मात्र तुम्ही स्वतः द्या.