कच्चे तेल स्वस्त झाले, मग पेट्रोल का नाही?

पेट्रोल-डिझेल महागले की सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते, 'जागतिक बाजारात तेल महागले, आमच्या हातात काय आहे?' हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे जनतेला कोणी सांगत नाही.

आधी खरे अर्धे पाहू. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो आणि त्याचा दाम मुख्यतः डॉलरमध्ये मोजतो. तेलउत्पादक देशांनी उत्पादन घटविले किंवा 2022 साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला तसे युद्ध पेटले, की त्याची झळ आपल्यापर्यंत पोहोचते. तेलाचा भाव स्थिर राहून नुसता रुपया घसरला तरी आयात महागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात हेच बजावले होते. रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा होतो. पण तो मजुराच्या खिशातून होतो, कारण भाव वाढतात तशी मजुरी वाढत नाही.

आता न सांगितलेले अर्धे. जून 2010 मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. बाजारात भाव उतरला की ग्राहकाला लाभ मिळेल, असे सांगण्यात आले. मिळाला काय? एप्रिल 2020 मध्ये जगभर टाळेबंदी होती, मागणी कोसळली आणि कच्चे तेल पिंपाला 20 डॉलरच्या आसपास आले. लगेच मे महिन्यात केंद्राने लिटरमागे पेट्रोलवर 10 व डिझेलवर 13 रुपये कर वाढविला. नोव्हेंबर 2021 व मे 2022 मध्ये करकपात झाली खरी, पण तोवर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. म्हणजे तेल महागले तर बोजा जनतेचा आणि स्वस्त झाले तर लाभ तिजोरीचा! हा कोणता मुक्त बाजार?

यात कायद्याची एक मेख आहे. घटनेच्या कलम 270 नुसार केंद्रीय करांत राज्यांना वाटा मिळतो. उपकर व अधिभार मात्र त्यातून वगळलेले आहेत. 2021 साली पेट्रोलवरील केंद्राच्या 32.90 रुपयांपैकी राज्यांशी वाटून घेण्याजोगे मूळ शुल्क अवघे 1.40 रुपये होते. राज्येही धुतल्या तांदळासारखी नाहीत. त्यांचा मूल्यवर्धित कर बहुतेक ठिकाणी टक्क्यांत असल्याने भाव चढला की त्यांचीही वसुली वाढते.

ज्याच्या दारात सायकलही नाही, तो भूमिहीन मजूरही हा कर भरतो. भाजीच्या ट्रकभाड्यातून, एस.टी.च्या तिकिटातून, पिठाच्या भावातून. कोट्यधीशाला आणि त्याला लिटरमागे कर सारखाच. आयकर उत्पन्न पाहून लागतो, हा कर माणूस पाहत नाही.

म्हणून नुसते 'भाववाढ मागे घ्या' म्हणून भागणार नाही. प्रत्येक पंपावर लिटरच्या दरात तेलाची किंमत किती, केंद्राचा कर किती, राज्याचा किती, हे ठळक लिहा. आणि कच्चे तेल उतरले तर दर उतरलाच पाहिजे, असा नियम करा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा हिशेब विचारा.