विरणाऱ्या सुराचे वाद्य

मँडोलिनविषयी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसिकांतही एक समज घट्ट बसला आहे, की हे वाद्य म्हणजे गज नसलेले आणि म्हणून अपुरे राहिलेले व्हायोलिन. समजाला आधारही आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला नेपल्समधील विनाच्चिया घराण्याच्या कारागिरांनी जे मँडोलिन रूढ केले, त्याच्या तारा व्हायोलिनसारख्याच जी, डी, ए, ई अशा लागतात. तारेची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तीही जवळपास तेवढीच. एका वाद्यावर बसलेली बोटे दुसऱ्यावर फारशी अडखळत नाहीत. मग फरक उरतो तो एवढाच, की गज सुराला हवा तितका वेळ धरून ठेवतो आणि छेडलेला सूर उमटताक्षणी विरू लागतो. हे विरणे म्हणजे उणीव, असे सर्रास मानले जाते. माझे मत नेमके उलट आहे. या वाद्याची घडण, तार छेडण्याची त्याची पिक आणि त्याचे सगळे चांगले संगीत त्या विरण्यातूनच आले आहे.

सूर का विरतो, ते आधी पाहू. आखूड, ताणलेल्या तारेत मुळात ऊर्जाच थोडी मावते. स्प्रूस लाकडाची पातळ तबली ती घोडीमार्गे झटपट ओढून घेते आणि हवेत सोडून देते. सूर लवकर संपतो, कारण हाती आलेले सारे हे वाद्य पहिल्या क्षणातच खर्चून टाकते. प्रत्येक स्वराला दोन तारा, एकूण आठ. जोडीतल्या तारा कितीही काळजीपूर्वक मिळवल्या तरी केसभर वेगळ्या राहतात, आणि त्या केसभर अंतरातून सुराला चकाकी येते. सुराचा पहिला क्षण जिथे इतका मोलाचा, तिथे तार कशाने छेडली यावर फार काही ठरते. पिक म्हणजे आपल्या सरोदियांच्या जव्याचीच बहीण. जवा नारळाच्या करवंटीचा, तर अठराव्या शतकातले मँडोलिनवादक पक्ष्याच्या पिसाची देठी वापरत. आतड्याच्या आणि धातूच्या नरम तारांना ती पुरे. एकोणिसाव्या शतकात पास्क्वाले विनाच्चियाने पोलादी तारा आणि त्यांचा ताण पेलणाऱ्या यांत्रिक खुंट्या आणल्या, तेव्हा पिकही कडक व्हावी लागली. मग समुद्रकासवाच्या कवचाच्या पिका आल्या. त्या घासून हव्या त्या जाडीच्या करता येत आणि तारेवरून खरखर न करता निसटत. पुढे या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, ते योग्यच झाले. आज चांगल्या कृत्रिम पिका मिळतात. रोमच्या परंपरेतली पिक लांब, अरुंद आणि टोकदार. तिचा सूर रेखीव, लखलखीत. आधुनिक जर्मन वादक जाड, मऊ पिक आणि गुळगुळीत गुंडाळीच्या तारा वापरतात. त्यांचा सूर गोल, गडद. तेच वाद्य पिक आणि तारा बदलल्याने वेगळ्या स्वभावाचे वाटते.

मोठ्या संगीतकारांनी हे नीट ओळखले होते, याचा पुरावा त्यांनी मँडोलिनभोवती काय ठेवले नाही यात सापडतो. विवाल्डीने सी मेजरमधला कॉन्चेर्तो लिहिला तो आतड्याच्या तारांच्या छोट्या मँडोलिनसाठी. त्यात साथीची व्हायोलिने गज बाजूला ठेवून बोटांनी छेडली तरी चालतील, अशी सूचना आहे. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ (१७८७) या ऑपेरात नायक खिडकीखाली उभा राहून गातो. त्या गाण्यात मँडोलिन थेंबांसारखे धावते स्वर वाजवते, लांब ओळ गळ्याकडे आहे, आणि बाकीच्या तंतुवाद्यांचे गज पुन्हा खाली. १९०८ मध्ये प्रागला प्रथम वाजलेल्या माहलरच्या सातव्या सिंफनीत चौथ्या भागात मँडोलिन आणि गिटार येतात, तेव्हा ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ट्युबा गप्प असतात. शतकाहून अधिक अंतरावरचे तिघे एकाच निर्णयाला आले.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. विरणे हेच जर सामर्थ्य, तर वादक ट्रेमोलो का करतात? एकाच स्वरावर पिक वरखाली भराभर फिरवून सूर लांबवायचा, ही गजाची नक्कलच नव्हे का? एकोणिसाव्या शतकात गाणाऱ्या ओळीचा मोह सगळ्यांनाच होता आणि पुष्कळ ट्रेमोलो त्या मोहापायीच झाला, हे मान्य करायला हवे. पण नेपल्सच्या राफाएले कलाचे (१८६३–१९३४) याचे एकल प्रेल्यूड ऐकावेत. हा स्वतः वाद्ये घडवणारा, वाजवणारा आणि रचणारा माणूस. तो वरच्या तारांवर ट्रेमोलोने ओळ चालवतो आणि त्याच हाताने मधूनच खालच्या तारा छेडून तिला साथ देतो. अखंड सूर आणि तुटक सूर शेजारी शेजारी उभे राहतात. एकामुळे दुसरा उठून दिसतो. गजाला हे जमणार नाही. संतूरवर सारंगीची मींड निघत नाही म्हणून आपण आता संतूरला कमी लेखत नाही. तोच न्याय इथेही लावावा. कर्नाटक संगीतातल्या गमकांसाठी यू. श्रीनिवास यांना लांब टिकणारा सूर हवाच होता. त्यांनी पाच एकेरी तारांचे विद्युत मँडोलिन घेतले आणि त्यावर अलौकिक वादन केले. त्यांच्या संगीताची गरज वेगळी होती, म्हणून वाद्यही वेगळे झाले.

दुसरा आक्षेप साहित्याचा. बेथोव्हेनने १७९६ मध्ये प्रागला काउंटेस जोसेफिन क्लारीसाठी केलेल्या रचनांपैकी चारच उरल्या आहेत. हुमेलचा एक कॉन्चेर्तो आहे. नामवंतांची यादी लवकर आटोपते. पण ही यादी चुकीच्या ठिकाणी शोधली जाते. मँडोलिनचे खरे साहित्य त्याच्या समूहासाठी लिहिले गेले. कार्लो म्युनियेने फ्लॉरेन्समध्ये मँडोलिन कुटुंबातल्या वाद्यांची चौकडी उभी केली आणि तिच्यासाठी लिहिले. पुढे तिचा वाद्यवृंद झाला: पहिली व दुसरी मँडोलिने, एक सप्तक खालचा मँडोला, चेलोसारखा लागणारा मँडोचेलो, गिटार आणि खर्जाला बास. या वृंदात बाजूला सारण्याजोगा गजच नाही. सगळ्यांचा सूर एकाच रीतीने जन्मतो आणि विरतो. वीस जण एकाच वेळी ट्रेमोलो करतात, तेव्हा प्रत्येकाच्या पिकेचा ठोका वेगळ्या क्षणी पडतो, ठोके एकमेकांत मिसळतात आणि हलती, चमकती सलगता तयार होते. ती ना एका मँडोलिनमधून निघते, ना व्हायोलिनच्या ताफ्यातून. जर्मनीत कोनराड व्योल्की याने या वृंदाला गांभीर्याने लिहिलेले संगीत दिले. जपानात केओ विद्यापीठाचा मँडोलिन क्लब १९१० पासून आहे, आणि कलाचे स्वतः १९२०च्या दशकात तिथे जाऊन वाजवून आला. कोबेच्या यासुओ कुवाहाराने (१९४६–२००३) लिहिलेल्या वृंदरचना आज युरोपातही वाजतात.

हे सगळे हौशी मंडळींचे, अशी कुरकूर ऐकू येते. हौशी वृंद नसते तर व्योल्की आणि कुवाहारा यांना वादक कुठून मिळाले असते? शिवाय जर्मनीत संगीत महाविद्यालयात मँडोलिनसाठी स्वतंत्र प्राध्यापकपद आहे, आणि २०२३ साली तिथल्या राज्यांच्या संगीत परिषदांनी मँडोलिनला वर्षाचे वाद्य म्हणून निवडले. अवी अविताल हा इस्रायली वादक बाखचे व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डचे कॉन्चेर्तो मँडोलिनवर वाजवून मोठी सभागृहे भरवतो. त्याची तयारी थक्क करणारी आहे, आणि त्याच्यामुळे नवे श्रोते येतात हे मोठेच काम. तरीही ओळख व्हायला मी उसन्या रचना आधी सुचवणार नाही. हुमेलचा कॉन्चेर्तो ऐकावा, मग कलाचेचा दुसरा प्रेल्यूड, आणि त्यानंतर कुवाहाराचे जपानी शरदाचे गीत, पूर्ण वृंदाने वाजवलेले.