गाडी सुटल्यावरचा फलाट

मनमाड जंक्शनवर गाडी उभी असेपर्यंत फलाटावर नुसती गर्दी दिसते. पाहायचं असतं ते गाडी सुटल्यावर. शिर्डीचे भाविक, नांदेडची गाडी गाठायला जिना चढणारे, चहावाले, सगळे पांगतात आणि ज्यांना कुठे जायचं ते ठरलेलं नाही ते मागे उरतात. त्यांत एखादं मूल असलं तरी बाल सहायता कक्षातल्या ताई लगेच त्याच्याकडे जात नाहीत. आधी नळावर बाटली भरतात. मूल कोणाची वाट पाहतंय की कोणाला टाळतंय, हे तेवढ्या वेळात जोखायचं असतं.

“आधी पिशवी बघायची,” त्या मला सांगतात. मामाच्या गावाला निघालेल्या मुलाजवळ सामान असतं. रागाच्या भरात निघालेल्याजवळ शाळेचं दप्तर असतं, नाहीतर काहीच नसतं. खाकी वर्दी दिसली की तो बाकडं बदलतो. गाडी लागली की उठतो, दारापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो.

ताई त्याच्या समोर उभ्या राहत नाहीत, बाकड्यावर शेजारी बसतात.

“पाणी पाहिजे का रे?”

मुलगा मान हलवतो. नाही.

“जेवलास?”

यावर तो काहीच बोलत नाही, म्हणजे जेवलेला नाही. बिस्किटाचा पुडा अर्धा होईपर्यंत ताईही गप्प. मग सहज विचारल्यासारखं, “कितवीला आहेस?” घरून पळून आलास का, हा प्रश्न त्या विचारतच नाहीत. मुलं नाव खोटं सांगतात, गाव खोटं सांगतात. शाळेचं नाव मात्र बहुधा खरं निघतं, असा त्यांचा अनुभव. शाळा कळली की गाव कळतं, आणि गाव कळलं की पोलीस पाटलाचा नंबर मिळवता येतो.

हे घरून निघून आलेल्यांचं काम झालं, पळवून नेलेल्यांचं काय, असं मी विचारलं. याचं उत्तर मिळतं ते रेल्वे सुरक्षा दलाच्या आकड्यांतच. ‘ऑपरेशन नन्हे फरिश्ते’ या मोहिमेत २०१८ साली देशभरात १७,११२ मुलं सापडली. त्यांतली १३,१८७ स्वतःहून घर सोडलेली होती. पळवून आणलेली म्हणून नोंद झाली ती ८७. यावरून धोका लहान आहे असं समजायचं कारण नाही. घर सुटलेलं मूल कोणाच्या तरी हाती लागायच्या आत, त्या काही तासांत ताईंना त्याच्यापर्यंत पोचायचं असतं. कारण कामाला लावणारा, पुढे विकणारा दलालही पाणी आणि बिस्किटंच घेऊन येतो.

आपली भीती मात्र वेगळ्याच माणसावर रोखलेली असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. अनोळखी वेश एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा.

कक्षात वेशाला किंमत नाही. मोठ्या माणसाबरोबर मूल असेल तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात: घरी कोण कोण असतं, काल रात्री कुठे जेवलात, पुढे कोणाकडे जायचंय. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या माणसाने परस्पर दिलं, की कान टवकारायचे.

तरीही संशय हा पुरावा नव्हे. मे २०२३ च्या अखेरीस दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला मिळून ५९ मुलं उतरवण्यात आली. मुलांची तस्करी म्हणून गुन्हे दाखल झाले, सोबतच्या पाच जणांना अटक झाली. मुलं बिहारमधून सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. पुढच्या वर्षी पोलिसांनी गैरसमज झाल्याचं म्हणत प्रकरण बंद केलं. मधल्या काळात मुलांना बालगृहात आणि मोठ्यांना कोठडीत राहावं लागलं. अटकेच्या आधी गावाकडे किती फोन लागले, यावर अशा वेळी सगळं ठरतं.

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, सोबत थोडा मोठा मुलगा, दोघांचेही फोन बंद, ही जोडी सगळ्यात अवघड. “मी माझ्या मर्जीने आलेय,” ती ठणकावून सांगते. कायद्यात त्या मर्जीला जागा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार अठरा वर्षांखालच्या कोणालाही, मुलगा असो वा मुलगी, पालकांच्या संमतीवाचून फूस लावून नेणं हे अपहरणच. ताई तिला कलम ऐकवत नाहीत. “तिथे गेल्यावर राहणार कुठे?” एवढंच विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात.

पुढचं काम कागदाचं. नोंद, वैद्यकीय तपासणी, आणि चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीपुढे हजर करणं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. घरचे धावत येतात, रडतात. तरी लगेच हाती मूल मिळत नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो पाहतात आणि मुलाला एकट्याला विचारतात: हे तुझे कोण, यांच्याबरोबर जायचंय का? बापाला हा अपमान वाटतो. पण बाप म्हणून दुसराच कोणी उभा राहू शकतो, आणि मूल ज्याला भिऊन निघालं तो खरा बापही असू शकतो.

मुंबईत १९९६ साली सुरू झालेला १०९८ हा नंबर आज देशभर चालतो. फलाटावर एकटं मूल दिसलं तर प्रवाशानेही तो फिरवावा. स्वतः चौकशी करत गर्दी जमवू नये.

घरच्यांना काय सांगाल, असं विचारल्यावर ताई लहान मुलांपासून सुरुवात करतात. पाच वर्षांच्या पोराला आईचं नाव विचारलं तर ‘मम्मी’ म्हणतं आणि गाव म्हणून ‘आमचं घर’ सांगतं. आईचं पूर्ण नाव, तालुका आणि एक मोबाईल नंबर पाठ करून घ्या. मोठ्या मुलांना नंबर पाठ असतो, पण ती सांगत नाहीत, कारण फोन उचलणाऱ्याची धास्ती असते. नापास झालास, पैसे हरवलेस, कोणाला फोटो पाठवून बसलीस, काहीही असो, आधी फोन कर, बोलणी नंतर, हे त्यांना सांगून ठेवायला हवं. तेही घरात सगळं ठीक असताना. भांडणाच्या दिवशी सांगून उपयोग नसतो.