फियाट रुसलीय? आधी एक बल्ब आणा!

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी असेलच. राखाडी कव्हर, बसलेले चार टायर आणि बॉनेटवर मांजराचा परमनंट मुक्काम. कव्हर उचललं की निघते बाबांची नाहीतर आजोबांची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, बोलण्यात मात्र 'फियाट'च! तिच्याबद्दल प्रत्येकाचं मत तयार असतं, 'अगं, तिचं इंजिन गेलंय.' वॉचमन सांगतो, मामेभाऊ सांगतो, भंगारवाला तर हमखास सांगतो. बॉनेट उघडून बघितलेलं मात्र यातल्या कुणीच नसतं.

खरं तर नुसतं उभं राहून इंजिन 'जातं' ते क्वचित. बऱ्याचदा बिघाड असतो तो करंटचा. प्लगवर पडणाऱ्या ठिणगीला गॅरेजमध्ये करंट म्हणतात. हा करंट बॅटरीपासून प्लगपर्यंत एका ठरलेल्या वाटेने जातो, आणि तो वाटेत नक्की कुठे अडकला, हे अर्ध्या तासात शोधता येतं. लॅपटॉप नको, स्कॅनर नको. या गाडीत कॉम्प्युटरच नाही, बॉस!

विलेपार्ल्याच्या एका मैत्रिणीकडे हे सगळं जवळून बघायला मिळालं. १९९६ ची पद्मिनी, आठ वर्षं एकाच जागी उभी. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि पार्किंग रिकामं करायला मिळाला एक महिना. भंगारवाल्याने सांगितलेला आकडा तिच्या मोबाइलच्या किमतीपेक्षा कमी होता. पहिला मेकॅनिक आला, सेल्फ मारला, घर्रर्र ऐकलं आणि निकाल दिला, "कॉइल, डिस्ट्रिब्युटर, वायरिंग सगळं नवीन टाकावं लागेल." एस्टिमेट ऐकून तिच्या आईने भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

मग कुणीतरी एका काकांना आणलं. त्यांची हयात काळ्यापिवळ्या टॅक्सींवर गेलेली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी रजिस्टर झाली २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्यामुळे असा हात असलेली माणसं आता शोधावीच लागतात. काकांच्या पिशवीत प्लग पाना, फीलर गेज, पॉलिश पेपर आणि दोन वायरी जोडलेला बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब. बस्स!

"ताई, आधी काही बदलायचं नाही. आधी बघायचं."

आणि त्यांनी सेल्फ मारलाच नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. थेट सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात, आणि मग इंजिन खरंच जातं! काकांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवून पाहिलं. फिरलं. टाकीतलं आंबूस वासाचं पेट्रोल काढून टाकलं. नवी बॅटरी लावली, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुतली आणि बॅटरीची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्ट होते, तिथला गंज खरवडला. नवी कॉइल घेऊनही गाडी जागची हलत नाही, त्यामागे कधी कधी एवढीच गंजलेली पट्टी असते.

आता बल्ब. त्याची एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला. चावी फिरवली, बल्ब लागला. म्हणजे इथवर करंट येतोय. नसता लागला तर दोष मागे, इग्निशन स्विचमध्ये, फ्यूजमध्ये किंवा वायरमध्ये. (उंदरांना जुन्या वायरिंगची चव भारी आवडते. कॉइलला दोष देण्याआधी वायरवरून हात फिरवा.)

मग तीच वायर कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. इथे खरी गंमत आहे. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे धातूचे ठिपके असतात. तेच 'पॉइंट'. ते टेकले की कॉइलमधून करंट वाहतो, उघडले की तुटतो, आणि त्या तुटण्याच्या क्षणी कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगकडे ढकलते. पॉइंट टेकले की बल्ब विझतो, उघडले की लागतो. म्हणून सेल्फ फिरताना बल्बने लुकलुकायला हवं. सतत लागून राहिला तर पॉइंट टेकूनही जोडले जात नाहीयेत. लागलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीयेत, किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय, किंवा कॉइल आतून तुटलीय.

पार्ल्याचा बल्ब लागून राहिला. काकांनी कॅप उघडली, तर पॉइंटवर राखाडी थर. दमट हवेत आठ वर्षं, दुसरं काय होणार? पॉलिश पेपरचे चार-पाच हलके हात, मग मैत्रिणीच्या पर्समधलं व्हिजिटिंग कार्ड पॉइंटच्या मधून दोनदा ओढून भुकटी काढली. एचआरच्या कार्डाचा इतका चांगला उपयोग आधी कधी झाला नसेल. पॉइंट पूर्ण उघडल्यावरची फट फीलर गेजने बसवली. या गाडीत ती साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. हँडबुक असेल तर त्यातला आकडा पाळा.

सेल्फ, आणि बल्ब लुकलुकला! कॉइलची जाड वायर कॅपमधून काढून इंजिनच्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर धरली, तर निळी, जाड, टचटच वाजणारी ठिणगी. म्हणजे जी कॉइल बदलायची म्हणून पहिला मेकॅनिक अडून बसला होता, ती ठणठणीत. पिवळी, बारीक ठिणगी असती तर कॉइल आणि कंडेन्सरवर संशय घेतला असता. ही चाचणी उघड्या हाताने करू नका, जाड रबरी पकड वापरा, आणि आसपास पेट्रोलचं भांडं किंवा वास अजिबात नको. चाचणी झाली की चावी बंद करा. इंजिन बंद असताना पॉइंट टेकलेले राहिले, तर चालू चावीवर कॉइल तापते.

तरीही दोन प्लगवर करंट कमजोर होता. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ सापडली. ओलाव्यातून करंट सरकून कोळशाची वाट तयार होते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळते. कॅप बदलली, कुरतडलेली एक प्लग वायर बदलली, प्लगचा नवा सेट टाकला. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला होता, कारण या इंजिनाचा क्रम १-३-४-२ आणि तो चुकला की फटाके!

चौथ्या सेल्फला गाडी सुरू झाली. सिलिंडरमधलं तेल जळून पार्किंगभर निळा धूर, आणि दुसऱ्या मजल्यावरून आरडाओरडा. मैत्रिणीच्या आईने भंगारवाल्याचा फोन त्या संध्याकाळी उचललाच नाही.

पण लगेच मरीन ड्राइव्ह नको. ब्रेक आधी उघडून बघा, पेट्रोलचे रबरी पाइप बदला. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी ते जुने पाइप बनलेलेच नाहीत. मग कागद. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून रिन्यू करावं लागतं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर, शिवाय १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. इन्शुरन्सही हवाच. पार्ल्याची फियाट म्हणूनच टो होऊन मावशीच्या बदलापूरच्या अंगणात गेलीय. आरटीओची तारीख मिळेपर्यंत मावशी दर रविवारी दहा मिनिटं ती सुरू करून ठेवते.