चौफुलीचा हिशेब

समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा २६ मे २०२३ रोजी खुला झाला. नागपूरकडून सुसाट आलेल्या गाड्यांचा रस्ता संपला तो इगतपुरी तालुक्यातल्या एका खेड्यापाशी. पुढे मुंबई गाठायची तर भरवीरला खाली उतरायचं, सिन्नर-घोटी रस्ता धरायचा आणि घोटीत जुन्या आग्रा रोडला लागायचं. त्या रस्त्यावर शिर्डीचे भाविक, सिन्नरच्या कारखान्यांचे ट्रक आणि बाजाराला निघालेले पिकअप आधीपासून होतेच. भरवीर ते इगतपुरी हा पुढचा २५ किलोमीटरचा तुकडा सुरू व्हायला मार्च २०२४ उजाडला. मधले नऊ महिने घोटीने दुसऱ्याच्या महामार्गाचं शेपूट सांभाळलं.

घोटीला हे नवं नाही. गाव वाढलं तेच मुळी रस्त्यांच्या जोरावर. मुंबई-आग्रा रस्ता, सिन्नर-शिर्डीचा रस्ता, वैतरणेकडून त्र्यंबकला जाणारा, आणि भंडारदरा-कळसूबाईकडे वळणारा. जोडीला रेल्वे स्टेशन. इगतपुरी, त्र्यंबक, अकोले तालुक्यांचा भात इथे उतरतो, गिरण्यांत भरडला जातो, व्यापाऱ्यांकडून पुढे जातो. म्हणजे कोंडी ही घोटीच्या बरकतीचीच दुसरी बाजू. पेठेतला कुठलाही दुकानदार हे खासगीत कबूल करील. पेच वेगळाच आहे. जनगणनेच्या वहीत घोटी ‘शहर’ आहे, कारभाराच्या वहीत मात्र ग्रामपंचायत. गर्दी शहराची, तिजोरी गावाची.

या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई-आग्रा रस्त्याचा वडपे ते गोंदे हा जवळपास शंभर किलोमीटरचा पट्टा ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर चौपदरी करायला निघाला. घोटीला टोलनाका आला. रस्ता चांगला झाला यात वाद नाही. कसाऱ्याहून नाशिक गाठताना फरक जाणवला. पण तेव्हापासून गावातल्या प्रत्येक तक्रारीला एक ठरलेलं उत्तर मिळू लागलं: हे आमच्या हद्दीत येत नाही. महामार्ग प्राधिकरणाचा; त्र्यंबककडचा आणि सिन्नरकडचा रस्ता पुढे पालघरपर्यंतच्या १६० अ या राष्ट्रीय महामार्गात गेला, म्हणजे तोही हातचा सुटला. समृद्धी रस्ते विकास महामंडळाची. प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याचे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. ग्रामपंचायतीच्या वाट्याला उरतात पेठेतल्या गल्ल्या, गटारी आणि निवेदन देण्याचा हक्क.

पैशाचं गणित तर आणखी गमतीचं. चौदाव्या वित्त आयोगाचा, म्हणजे २०१५ ते २०२० या वर्षांचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात आला, तेव्हा सरपंचांना पहिल्यांदा हात थोडा सैल वाटला. पंधराव्या आयोगाच्या निधीतही ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींकडेच राहिला, पण त्यातला मोठा भाग बंधित झाला. पहिल्या वर्षी निम्मा, पुढे ६० टक्के. आणि तो खर्च करायचा फक्त पाणी आणि स्वच्छतेवर. त्यातून गटार होते, रस्ता होत नाही. रस्त्याला निधी हवा तर जिल्हा नियोजनाच्या दारात उभं राहायचं. रस्त्याच्या निधीची भाषा आकड्यांची: ३०५४ म्हणजे डागडुजी, ५०५४ म्हणजे नवं काम, आणि ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे आमदारांच्या शिफारशीने मिळणारी मूलभूत सुविधांची कामं. ग्रामसभेत ‘रस्ता करा’ एवढंच म्हणणाऱ्या माणसाला हे आकडे कोणी समजावत नाही. ज्याला समजतात तो पुढारी होतो.

वर पाऊस. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पडतो. पाणी काढून दिलं नाही तर डांबर किती जाड टाकलं याला अर्थ राहत नाही. साइडपट्टी खचते, खड्डा पडतो, गाडीचा वेग उतरतो, मागे रांग लागते. कोंडीवर रुंदीकरणाचा उतारा सगळेच मागतात; उपाय पुष्कळदा गटाराच्या उतारात असतो. पण गटाराचं उद्घाटन कोण करणार?

मागे वळून पाहताना सगळ्यात खटकतो तो योगायोग. नाशिक जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, कारभार प्रशासकांकडे गेला आणि २०२५ सरलं तरी निवडणूक झाली नव्हती. तालुक्याच्या रस्त्यांवर इतका भार याआधी क्वचितच आला असेल, आणि नेमक्या त्याच वर्षांत गट-गणाचा सदस्य नावाचा माणूसच नव्हता. सदस्य काही फार मोठे दिवे लावतात असं नव्हे. पण सभेत उभं राहून अधिकाऱ्याला ‘कधी होणार, ते इतिवृत्तात लिहा’ म्हणणारा तेवढाच एक असतो. इतिवृत्तात न लिहिलेलं काम कुणाच्या अंगाला चिकटत नाही.

मग चर्चा सभागृहातून टोलनाक्यावर आली. जुलै २०२४ मध्ये मुंबई-नाशिक महामार्गाची चाळण झाली होती. बाळासाहेब थोरातांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने घोटी टोलनाक्यावर आंदोलन केलं. रस्ता नाही तर टोल नाही, ही मागणी. सत्तेतले छगन भुजबळही याच रस्त्यावरून तक्रार करत होते, तेव्हा विरोध कोण आणि सत्ता कोण हे ओळखणं कठीण होतं. मागणी बिनतोड होती, तरी ती होती मुंबई-नाशिक प्रवास करणाऱ्यांची. घोटीच्या चौफुलीवर रस्ता ओलांडायला ताटकळणारी शाळकरी पोरं टोल भरत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे बंद करण्यासारखंही काही नव्हतं.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. मुंबईची लांब पल्ल्याची गाडी आता घोटीला न शिवता जाऊ शकते. पेठेला हे बरं की वाईट, यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. तोवर सिंहस्थ दारात आला. त्र्यंबककडे जाणाऱ्या वाटांची चर्चा सुरू झाली, तसं घोटी-पहिने-त्र्यंबक हे नाव पुन्हा वर आलं. त्या रस्त्याला क्रमांक आहे, साधूंचा मान आहे, निधीही मिळेल. पेठेतल्या रस्त्याला क्रमांक नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी त्यावर भाजीच्या पाट्या, उभे टेम्पो आणि एसटी यांचा जो मेळा भरतो, त्याला बारा वर्षं वाट पाहावी लागत नाही.