श्रमिकांचे परदेशगमन व समाजवादी राष्ट्रांची संरक्षणव्यवस्था

रोजगारासाठी काम करण्याच्या वयाचे नागरिक मोठ्या संख्येने परदेशी गेल्यास राष्ट्राची सैन्यभरती, राखीव दले व अंतर्गत सुरक्षा यांवर परिणाम होतो. देशांतर्गत स्थलांतराहून हा प्रकार भिन्न आहे. निलंगा, देगलूर यांसारख्या मराठवाड्यातील तालुक्यांतून मजुरीसाठी हैदराबाद, पुणे वा मुंबई येथे जाणारा श्रमिक देशाच्या सीमेतच राहतो. गावाचे मनुष्यबळ घटले, तरी राष्ट्राचे घटत नाही. परदेशी गेलेला श्रमिक मात्र आणीबाणीच्या प्रसंगी शासनाच्या आवाक्याबाहेर असतो. समाजवादी राष्ट्रांत हा प्रश्न विशेष तीव्र झाला. कारण सर्वांस रोजगार देणे हे तेथील शासनाचे घोषित कर्तव्य होते. पूर्व जर्मनी व यूगोस्लाव्हिया यांनी या प्रश्नास परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

पूर्व जर्मनी : १९४९ ते १९६१ या काळात सु. २७ लक्ष लोक पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेकडे गेले. त्यांपैकी सु. निम्मे पंचवीस वर्षांखालील होते. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लोकसेनेत प्रथम केवळ स्वेच्छेने भरती होई. कारण सक्ती केल्यास तरुण बर्लिनमार्गे निघून जाण्याची भीती होती. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमधील सीमा बंद करण्यात आली व भिंतीची उभारणी सुरू झाली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९६२ मध्ये, सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. तथापि सैन्यबळाचा एक मोठा भाग स्वतःच्याच नागरिकांना रोखण्यात गुंतून पडला.

यूगोस्लाव्हिया : या देशाने १९६० नंतरच्या दशकात सीमा खुल्या केल्या व १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीशी श्रमिकभरतीचा करार केला. १९७१ च्या जनगणनेत सु. ६.७ लक्ष नागरिक परदेशी नोकरीस असल्याची नोंद झाली. त्यांनी पाठविलेल्या पैशामुळे परकीय चलन मिळाले व बेकारी सौम्य झाली. परंतु ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएट रशिया व त्याच्या मित्रराष्ट्रांनी चेकोस्लोव्हाकियावर आक्रमण केल्यानंतर यूगोस्लाव्हियाने १९६९ मध्ये सार्वत्रिक राष्ट्रीय संरक्षणाची योजना स्वीकारली. नियमित सेनेबरोबर गावोगावच्या व कारखान्यांतील सशस्त्र नागरिकांवर ही योजना विसंबून होती. म्हणून लष्करी शिक्षण घेतलेल्या श्रमिकांची अनुपस्थिती दुहेरी जाचक ठरली. शिवाय परदेशस्थ श्रमिकांत शासनविरोधी संघटनांना प्रचाराचे क्षेत्र लाभले. जून १९७२ मध्ये क्रोएशियन निर्वासितांची १९ जणांची सशस्त्र तुकडी ऑस्ट्रियातून बॉस्नियात शिरली. ती मोडून काढण्यास बरेच दिवस लागले. १९७३ मध्ये लष्करी सेवा पूर्ण न केलेल्या तरुणांच्या परदेशी नोकरीवर बंधने घालण्यात आली.

मूल्यमापन : परदेशगमनाचा धोका केवळ गेलेल्यांच्या संख्येवर ठरत नाही, गेलेला नागरिक संकटकाळी परत येण्यास तयार आहे की नाही, यावरही तो अवलंबून असतो. सीमा बंद करून पूर्व जर्मनीने सैनिक मिळविले, परंतु नागरिकांची निष्ठा मिळविली नाही. १९८९ मध्ये हंगेरीने ऑस्ट्रियाकडील सीमा खुली करताच लोकांचा ओघ पुन्हा सुरू झाला आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते राज्य आपल्या सेनेसह संपुष्टात आले. यूगोस्लाव्हिया १९९१ पासून अंतर्गत युद्धांत विघटित झाला. क्रोएशियाच्या स्वातंत्र्यलढ्यास परदेशस्थ क्रोएशियनांनी मोठे अर्थसाहाय्य केले. ज्या बाह्य आक्रमणाच्या भीतीने मनुष्यबळाची मोजदाद केली जात होती, ते आक्रमण दोन्ही राष्ट्रांवर झाले नाही.